पूजेचा नंबर

माझ्या नोकरीच्या काळात मला एकच साहेब असे भेटले, की आपण पुढारी आहोत हे त्यांना आधी कळलं आणि मागून यायला माणसं लागतात हे नंतर. ते अतिशय हुशार होते, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं घ्यायची त्यांना सवय नव्हती.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पंख्यांचे रेग्युलेटर बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे टाइम ऑफिसात. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही आणि कुणाची आजी तिसऱ्यांदा वारली, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. मी डोंबिवलीहून येत असे. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. आमच्या आळीत नोकरी म्हणजे बँक किंवा सरकार. कारखान्यात जाणारी मुलगी म्हणून शेजारच्या बायका माझ्याकडे जरा दयेने बघायच्या, आणि मी त्यांच्याकडे.

मालक वयस्कर. तोंडाने फटकळ, हाताने चिक्कू. त्यांना थोर वगैरे मी म्हणणार नाही. चहात दूध कमी पडलं तर त्या माणसाला मनापासून बरं वाटायचं. पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा पडायच्या आणि कारखान्यात सत्यनारायण व्हायचा. त्या पूजेला मालक स्वतः बसत नसत. कामगारांपैकी एक जोडपं बसायचं, आणि कुठलं ते ठरलेलं असायचं. ज्याची नोकरी जुनी त्याचा नंबर आधी. एकदा बसला की परत नाही. यात कुणाची हुशारी बघायची नव्हती, की कोण कुणाच्या मर्जीतला ते बघायचं नव्हतं. रेशनच्या रांगेसारखं सरळ काम. आपला नंबर कधी येणार ते नव्याने लागलेल्या हेल्परलाही सांगता यायचं.

हा मान लहान वाटत असेल तर ज्यांना तो मिळायचा त्यांच्या बायकांना विचारायला हवं होतं. कळव्याच्या, दिव्याच्या, कल्याणच्या बायका त्या एका दिवसासाठी साडी घेऊन ठेवायच्या. वर्षभर फोरमन ज्याला आईवरून शिव्या घालायचा, त्याच्या हातून त्या दिवशी फोरमन आणि मालक दोघेही वाकून तीर्थ घ्यायचे. मग स्टेशनजवळच्या स्टुडिओतला फोटोग्राफर यायचा, पाटावरच्या जोडप्याचा एक फोटो काढायचा, आणि तो चौकटीत बसून कँटीनकडे जाणाऱ्या बोळात लागायचा. त्या बोळात एकापुढे एक अशी सगळी जोडपी होती. पुरुष सगळे ताठ आणि घाबरलेले, बायका सगळ्या खूश.

प्रेसवर एक कोळी कामगार होता, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याचा नंबर आला त्याच वर्षी, पूजेच्या थोडं आधी, त्याला कावीळ झाली आणि तो गेला. पूजेला पुढच्या नंबरचं जोडपं बसलं. त्याच्या जागी मालकांनी त्याच्या बायकोला पॅकिंगमध्ये घेतलं. तोवर ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागल्यापासून तिथे मिळत काही नव्हतंच. ती कामाला आली ती बाजारातला आवाज घेऊनच. पॅकिंगमध्ये ती बोलली की मला टाइम ऑफिसात ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी तिला कँटीन दाखवायला मी त्या बोळातून घेऊन गेले. शेवटच्या फोटोपाशी ती थांबली. त्यात तिच्या नवऱ्याच्या जागी बसलेलं जोडपं होतं.

"हितं आमी व्हतो," ती म्हणाली. "त्यांचा नंबर व्हता."

रडली वगैरे नाही. दुकानदाराने माप कमी टाकलं तर बाई जशी सांगेल तसं तिने सांगितलं. आणि त्यानंतर ज्याला वेळ असेल त्याला ती हे सांगत राहिली. तिच्या वयाच्या विधवा बाईने पूजेच्या मानाबद्दल असं मोठ्याने बोलू नये, असं काही जणांना वाटायचं. तिला तसं वाटत नव्हतं.

मग साहेब आले. मालकांच्या जावयाचे मित्र, मॅनेजर म्हणून नेमलेले. वय पस्तिशीचं, कपाळ मोठं. आमच्याच डोंबिवलीचे, पण आम्ही स्लीपर घालून भाजीला जायचो तेव्हा हे बूट घालून जायचे. लोणावळ्याला कुठल्याशा हॉटेलात व्यवस्थापनाचं शिबिर करून आले होते. चार दिवस तिथे त्यांनी नेमकं काय खाल्लं ते माहीत नाही, पण परत आले ते पोट बिघडल्यासारखे. सारखं काहीतरी बाहेर पडत होतं. "माणूस पैशासाठी काम करत नाही, मॅडम." "माणसाला ओळख हवी असते." साहेब स्वतः कशासाठी काम करत होते ते विचारायची सोय नव्हती. दिवाळीच्या बोनसची गोष्ट निघाली की मात्र ते हमखास ओळखीवर यायचे.

एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना गेटपाशी उभं केलं आणि घोषणा केली. पूजेचा नंबर यापुढे नोकरीच्या वर्षांवर ठरणार नाही. "म्हातारं होणं हे काही कर्तृत्व नव्हे," असं ते म्हणाले. समोर दोन-तीन म्हातारे उभे होते. यापुढे हजेरी, वेळ, स्वच्छता आणि सूचना यांवर गुण मिळतील, कँटीनमध्ये फळा लागेल, आणि खंडेनवमीपर्यंत ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो सपत्नीक पूजेला बसेल. "हेल्पर असो की फोरमन. कुणीही. ज्याचं काम, त्याचा मान."

मागून पॅकिंगमधून आवाज आला. "कुनी पन?"

"कुणीही, मावशी," साहेब म्हणाले. लोकशाहीवर असलेला विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

नंतर केबिनमध्ये मला म्हणाले, "बघा मॅडम, एक पैसा खर्च नाही. मान आधीपासून तुमच्याकडे पडून होता. तुम्ही तो रांगेत वाटत होता. मी त्याला किंमत आणली." मी म्हटलं, रांगेतल्यांना विचारलंत का? यावर त्यांनी मला सांगितलं की मी आधी लग्न करावं, म्हणजे मलाही पूजेला बसता येईल. हा त्यांचा विनोद होता. वर्षातून तीनदा तरी व्हायचा.

फळ्यावर गुण लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेवढे महिने मी जे बघितलं ते एखाद्या शिबिरात शिकवत असतील तर मला माहीत नाही. सूचनापेटी पहिल्या आठवड्यात भरून वाहिली. "पंखा लावावा." "पंखा जास्त जोरात लावावा." "पंखा बंद करावा, थंडी वाजते." एका फिटरने तर सूचना लिहायला मुलाला बसवलं होतं, अक्षर फार सुंदर. साहेब शॉपफ्लोअरवर आले की चार जण एकदम झाडू धरायचे. यंत्र थांबलेलं, माल पडलेला, आणि जमीन अशी लख्ख की पाय घसरावा. पूर्वी कुणाच्या घरी लग्न असलं की बाकीचे त्याचं काम ओढून न्यायचे, मला येऊन सांगायचे, "बाई, त्याचा हाफ डे धरू नका, आम्ही बघतो." आता तेच लोक माझ्या खिडकीशी येऊन हळूच सांगायला लागले, की तो अमुक आज पाच मिनिटं उशिरा आला, तुमच्या नजरेतून सुटला असेल. बरोबर डबा खाणारी माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. साहेबांनी याला निकोप स्पर्धा म्हटलं.

लेथवर दिव्याचा एक जण होता. त्यांच्या चाळीत पाणी कधी येईल याचा भरवसा नसे. आलं की भरावं लागायचं, मग गाडी चुकायची. त्याचे गुण सारखे कापले जायचे. तो साहेबांकडे गेला तर साहेब म्हणाले, "पाण्याचं नियोजन करा." डोंबिवलीत साहेबांच्या घरी गच्चीवर टाकी होती आणि ती भरायला पगारी माणूस होता. त्यांचं नियोजन उत्तम होतं.

कोळीण मात्र कुणाची चुगली करायला आली नाही आणि तिने झाडूही धरला नाही. ती फक्त रोज वेळेवर आली. पहाटे मासळीच्या लिलावाला उठणाऱ्या बाईला सकाळची पाळी म्हणजे दुपारच होती. पुरुष देवीच्या जत्रेला गेले, लग्नांना गेले, गावाला भात लावायला गेले, ताप आला म्हणून झोपले. ती आली. पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं त्या दिवशीही आली, आणि अर्धा कारखाना रिकामा बघून पुरुषांच्या नावाने शिमगा करून कामाला लागली. पावसाळ्याच्या अखेरीस फळ्यावर तिचं नाव सर्वांत वर होतं. ती रोज जेवणाच्या सुट्टीत फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वाचता येत नव्हतं, पण वरची ओळ कुणाची हे ती दोघा-तिघांकडून वाचून घ्यायची, एकावर विश्वास नको म्हणून.

"मीच बसन," ती मला म्हणाली. "त्यांचा नंबर मी भरून काढीन."

मी तेव्हाच साहेबांना जाऊन सांगितलं. दसरा बराच लांब होता. सांगितलं की पहिल्या नंबरवर कोण आहे ते बघा, ती विधवा आहे, आणि तुम्ही सपत्नीक म्हणून ठेवलंय. काय करणार ते आत्ताच ठरवा आणि तिला सांगा. साहेबांनी पेपरवेट फिरवला. "गुण आंधळे असतात, मॅडम. सिस्टिमवर विश्वास ठेवा." त्यांचा खरा विश्वास याच्यावर होता की एवढ्या पुरुषांतला कुणीतरी तिला मागे टाकेलच. कुणी टाकलं नाही.

दसऱ्याच्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेपरवेट आता फिरत नव्हता.

"तिला समजावलं पाहिजे," ते म्हणाले. "तिचा दीर असेल ना कुणी? दीर-जाऊ बसतील तिच्या वतीने. तुम्ही बोला तिच्याशी. बाईने बाईशी बोललेलं बरं."

यालाच ते डेलिगेशन म्हणायचे. चांगली बातमी साहेबांनी गेटवर उभं राहून सांगायची आणि लाज वाटेल ते काम मॅडमकडे द्यायचं. मी म्हटलं, "कुणीही असं तुम्ही म्हणालात. तुम्हीच सांगा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शिबिरात हे प्रकरण शिकवायचं राहून गेलं होतं.

मग त्यांनी गुरुजींना फोन लावला. नाही म्हणायचं काम गुरुजी करतील अशी त्यांची मोठी आशा होती. गुरुजी नौपाड्याचे, त्या दिवशी चार ठिकाणच्या पूजा अंगावर घेतलेले. ते म्हणाले, सत्यनारायण कुणीही करावा, कथेतच तसं आहे, बाई बसली तर माझी हरकत नाही, फक्त वेळेवर सुरू करा. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. धर्मावर भरवसा ठेवावा तर धर्मही दगा देतो. मग त्यांनी फोरमनला विचारलं, की कामगारांना हे आवडेल का? फोरमन म्हणाला, "साहेब, मी काय बोललो तर माझे गुण कापणार काय? मग मी काय बोलतच नाय." दोन-तीन जणांच्या बायकांनी नाकं मुरडल्याचं साहेबांच्या कानावर आलं होतं. तेवढं त्यांना पुरलं. कामगारांच्या भावनांचा आदर करायचं त्यांनी ठरवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी फळा पुसलेला होता. त्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: यंदा सर्वच कामगार विजेते आहेत. सर्वांच्या वतीने व्यवस्थापन पूजेला बसेल.

मला वाटलं होतं कुणीतरी बोलेल. ज्यांनी तिला रोज ती वरची ओळ वाचून दाखवली होती त्यांच्यापैकी तरी एखादा. लोकांनी फळा वाचला, डबे उघडले. आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्यालाही मिळालं नाही, याचं समाधान इतकं स्वच्छ त्यांच्या तोंडावर होतं की मला त्या सगळ्यांचाच संताप आला. साहेबांना पुढारी कुणी केलं, याचं अर्धं उत्तर त्या कँटीनमध्ये जेवत बसलं होतं.

तिने तो फळा मला वाचायला लावला. मी वाचला. "सर्वांच्या वतीने म्हंजे?" तिने विचारलं. मी म्हटलं, साहेब बसणार.

"मग आठ महिनं मना कशाला पलवली?" ती म्हणाली. एवढंच. मग पॅकिंगला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, वेळेवर. अंगावर नवं लुगडं होतं, पूजेसाठी घेतलेलं. घेतलं होतं तर नेसली. साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब पाटावर बसले. साहेबांना सोवळं नीट नेसता येत नव्हतं. गुरुजींना दोनदा थांबावं लागलं. कथेत तो वाणी नवस बोलून विसरतो आणि मग त्याची पुरी दैना होते, तो अध्याय आला तेव्हा साहेब हात जोडून, डोळे मिटून, फार भक्तिभावाने ऐकत होते. मालक कोपऱ्यात खुर्चीवर पेंगत होते. फोटो काढला गेला.

आरतीनंतर साहेबांनी माइक घेतला. "विशेष उत्तेजनार्थ बक्षीस," असं म्हणून तिला पुढे बोलावलं आणि चकचकीत कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने कागद तिथेच फाडला, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं.

"घड्याल मना कशाला, सायेब? मना कवा उशीर झाला?"

लोक हसले. साहेबही हसले आणि माइकवरून म्हणाले, "विनोदबुद्धी हवी माणसाला." तिने घड्याळ तिथेच, प्रसादाच्या पातेल्याशेजारी ठेवलं आणि शिरा न घेता गेली. ते घड्याळ पुढे साहेबांच्या केबिनमध्ये लागलं. साहेब उशिरा यायचे, म्हणजे योग्य जागीच गेलं म्हणायचं.

पुढच्या वर्षी फळा नव्हता, गुण नव्हते. पूजा मात्र साहेबच करत राहिले. रांग एकदा मोडली की पुन्हा कोण लावणार? मग साहेब घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत गेले, मालक वारले, आणि नव्वदच्या दशकात इस्टेटीतले कारखाने एकेक करून बंद व्हायला लागले तसा आमचाही झाला. शेवटच्या दिवशी बोळातले फोटो काढून ज्याचे त्याला दिले. साहेबांचे फोटो तसेच भिंतीला राहिले. त्यातला पहिल्या वर्षाचा तिने खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारला.

"त्या वर्साचा फोटो माझा हाय," ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी डोंबिवलीत आमच्या रस्त्यावर कापडी फलक लागला. यशस्वी नेतृत्वाची सूत्रं, आणि खाली साहेबांचं नाव. मोठ्या कंपनीतून त्यांना काढलं होतं का ते सोडून आले होते, याबद्दल आळीत दोन मतं होती. आता ते गावोगाव नेतृत्व शिकवत होते. मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या तरुणपणाची काही वर्षं त्या माणसाच्या प्रयोगात गेली होती, निकाल ऐकायचा मला हक्क होता. हॉल भरलेला. बँकेतले साहेब, व्हीआरएस घेतलेले काका, धंदा सुरू करायचं दहा वर्षं ठरवत असलेले तरुण. सगळे वह्या घेऊन आलेले.

तासभर कोट्या झाल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. एका छोट्या कारखान्याची गोष्ट सांगतो, म्हणाले. तिथे एक विधवा कोळीण होती. तिला पूजेचा मान मिळू नये म्हणून सगळे आडवे आले, गुरुजी, कामगार, मालक. "मी म्हटलं, नेता तो, जो प्रवाहाविरुद्ध उभा राहतो. मी स्वतः त्या माउलीचा हात धरला आणि तिला पाटावर बसवलं. मित्रहो, त्या दिवशी तिच्या डोळ्यांत जे पाणी आलं, तो माझा पगार." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हॉलने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या काकांनी वहीत लिहून घेतलं: प्रवाहाविरुद्ध. चोरी मी पाहिली होती, पण ज्याच्याकडून चोरलं त्याच्याच नावाने देणगीची पावती फाडताना कुणाला पाहिलं नव्हतं.

रविवारी मी कोळीवाड्यात गेले. ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. आत भिंतीवर तीच चौकट होती, पण तिच्यात तिच्या नवऱ्याचा फोटो. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला.

"साहेब टाकून दिलेस?" मी विचारलं.

"नाय, मागं हाय. पाठीला जाड पुठ्ठा लागतो, नायतर फोटो वाकतो."

मी तिला व्याख्यानाचं सांगितलं. हात धरला, पाटावर बसवलं, डोळ्यांत पाणी, सगळं. मला वाटलं ती बाजार उठवेल. तिने सुकटीतला कचरा फुंकला आणि विचारलं, "परत कवा सांगनार हाय?"

पुढच्याच आठवड्यात कल्याणला होतं, धान्यबाजाराजवळच्या एका हॉलमध्ये. आम्ही दोघी गेलो. ती ते पूजेचं लुगडं नेसली होती, आता विरलेलं. तिने पहिली रांग धरली, अगदी मधोमध, आणि व्यापारी मंडळींना सरकायला लावलं. मी मागे खांबाआड बसले. मला बघून साहेब सावध झाले असते.

साहेबांनी गोष्ट सुरू केली. ती त्यांच्यापासून पाच हातांवर होती. साहेबांची नजर पहिल्या रांगेवरून फिरली, तिच्यावर आली, आणि तिथेच थांबली. मला वाटलं, आता बोबडी वळणार. पण समोर कोळी बाई बसलीय हे बघून त्यांना जोर चढला. सगळी गोष्ट त्यांनी तिच्याकडे बघून सांगितली. हात पुढे करून तो कसा धरला तेही दाखवलं. चष्मा काढला, डोळे पुसले. ती हनुवटीखाली हात धरून ऐकत होती.

व्याख्यान संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. ती वाट काढत पुढे गेली, मीही मागोमाग. साहेबांनी तिला हात जोडले. "या मावशी. कसं वाटलं?"

"ग्वाष्ट चांगली हाय," ती म्हणाली. "त्या बाईचा फोटो हाय का?"

साहेब मंद हसले. भोवतीच्या लोकांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "अशी कामं फोटोसाठी करायची नसतात, मावशी. आम्ही फोटो काढलाच नाही."

"काढला व्हता," ती म्हणाली. बाजारातला तो आवाज अजून तसाच होता. दाराशी चपला शोधणारी माणसंही वळली. "माझ्या घरी हाय. पाटावर तुमी नि बाईसायेब. मना घड्याल दिलाव."

कुणीतरी खाकरलं. साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांना मी दिसले. मला त्यांनी ओळखलं. दोन पावलं पुढे येऊन माझा दंड धरला, मला बाजूला घेतलं, आणि ज्या आवाजात पूर्वी केबिनमध्ये नको ती कामं सांगायचे त्या आवाजात विचारलं, "मॅडम, या बाई कोण?"

मला आधी वाटलं नाटक करतायत. नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"त्या वर्षी यांचा नंबर होता," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी निघालो.